डबा घ्या, इंजिन राहू द्या

गणेश चवथ होऊन महिना होत आला तरी हा रिव्ह्यू लिहिला नव्हता, कारण इंजिनाचा राग डोक्यातून जात नव्हता आणि त्या रागात लिहिलं असतं तर बिचाऱ्या डब्यावर अन्याय झाला असता. डबा खरंच चांगला आहे. पण क्रमाने सांगतो.

वस्तू काय ते आधी. युरोपातल्या एका छोट्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेला रेल्वे मॉडेलचा किट, 1:87 स्केल (म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान), रुळांमधलं अंतर 9 मिमी. आत एक टीयू7 डिझेल इंजिन आणि एक पीव्ही40 पॅसेंजर डबा, दोन्ही रशियातल्या पीट रेल्वेवर धावणारी. इंजिन बरंचसं जोडून येतं. डबा मात्र सगळा सुटा, पितळेच्या पातळ पत्र्यातले भाग, रेझिनचं छप्पर, चाकं, बाकड्यांच्या पट्ट्या, पुढे तुम्ही आणि तुमची कानस. किट, पोस्टेज, ड्यूटी सगळं मिळून 11,400 रुपये पडले. बायकोला 6,000 सांगितलेत. ती हे वाचत नाही, आणि वाचलंच तर डब्याचे 6,000 होतात की, त्यात खोटं काय.

आता पीट म्हणजे काय. हे मला घरात, ऑफिसात आणि फेरीबोटीत मिळून वीसेक वेळा सांगावं लागलंय तर इथेही सांगतो. थंड मुलखातल्या पाणथळ जागेत शेवाळ वाढतं, मरतं, पण खाली पाण्यात हवा पोचत नाही म्हणून धड कुजत नाही, त्यावर नवं वाढतं, असे थरावर थर. वर्षाला साधारण 1 मिमी. म्हणजे आमच्या आईच्या उंचीएवढा थर व्हायला दीड हजार वर्षं लागणार (आई फार उंच नाही). हे काढून सुकवलं की जळतं. मॉस्कोजवळ शातुराचं वीजकेंद्र 1920च्या दशकात यावर चालू झालं, आयर्लंडमध्ये तर परवा परवापर्यंत यावर वीज बनत होती.

आणि रेल्वे कशाला? तर ती जमीन जवळजवळ पाणीच असते. पावसाळ्यात आमच्या दिवाडीच्या (गोव्यातलं आमचं बेट) खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतात, ट्रक घालून बघा म्हणजे कळेल. रस्ता केला तर रस्ताच खाली बसतो, म्हणून हलके रूळ टाकायचे, वजन जास्त स्लीपरांवर वाटून द्यायचं, आणि एका जागेचं पीट काढून झालं की रूळ उचलून पुढे सरकवायचे. रशियात यासाठी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 750 मिमी. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे आठवते का, कुर्डुवाडीवरून जायची ती, तिचं गेज 762 मिमी, म्हणजे फक्त 12 मिमीचा फरक. बार्शी लाइटवाल्या कॅल्थ्रॉप साहेबाने 1897 मध्ये हाच हिशोब केला होता, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही म्हणजे हलक्या रुळांवरही काम भागतं. टीयू7 चं वजन 24 टन, चार आस, म्हणजे आसाला 6 टन. जवळपास तेच गणित. 750 ला 87 ने भागलं की 8.6 मिमी येतात, म्हणून मॉडेलला 9 मिमीचा रूळ चालतो, 0.4 मिमीवरून कोणी भांडू नये.

मी हेच मॉडेल का घेतलं त्याचं कारण तो डबा. पीट रेल्वे म्हटलं की लोकांना मालाच्या वाघिणी आठवतात, पण त्या दलदलीत कामगारांच्या वस्त्या असायच्या, तिथपर्यंत रस्ता नाही, असला तरी वर्षातले निम्मे महिने चिखल. मग सकाळी इंजिनाला एक-दोन पॅसेंजर डबे लावायचे, कामगार, त्यांची पोरं, म्हाताऱ्या, सामानाच्या पिशव्या, सगळे त्यात. किरोव प्रांतात किरोवो-चेपेत्स्कवरून कारिनतोर्फ नावाच्या वस्तीला अशी पॅसेंजर जायची. त्या नावातलं तोर्फ म्हणजेच पीट, वस्तीचं नावच धंद्यावरून. टाइमटेबल होतं, डबे होते, पण डौल कसला नाही, मुळात ती कारखान्याची गाडी, माणसं आहेत म्हणून माणसं नेते.

हे वाचल्यावर मला काही नवीन वाटलंच नाही. मी रोज नदीपलीकडे रायबंदरला जातो फेरीने. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, शाळेची पोरं, पोदेर (पाववाला), बँकेत जाणारे, मासळीची टोपली, आणि फेरी बंद पडली की अख्खं बेट रॅम्पवर उभं राहून एकमेकांना विचारतं, आता काय. टुरिस्ट तिचे फोटो काढतात, आम्ही घड्याळ बघतो. तर पीव्ही40 म्हणजे चाकांवरची फेरीबोट, एवढंच माझ्या डोक्यात होतं आणि त्यापायी 11,400 घातले.

तर डब्याचा रिव्ह्यू. दहापैकी नऊ.

पितळेचे भाग एवढे नीट कापलेत की पहिल्यांदा चौकटीतून सुटे केले तेव्हा कडेला कानस मारावीच लागली नाही. बाजूची भिंत एकच पत्रा, खिडक्यांच्या चौकटी त्यातच, दुमडायच्या रेषा आधीच अर्ध्या कोरलेल्या, त्यामुळे नखाने दाबलं तरी सरळ दुमडतं. पीव्ही40 म्हणजे 40 माणसांचा डबा, रशियात देमिखोवोच्या कारखान्यात बनायचा, आणि तो साधा आहे, अगदी आपल्या गोव्याच्या जुन्या कदंबा बसइतका साधा, तो साधेपणा किटवाल्यांनी बिघडवला नाही याचं मला कौतुक वाटतं. उगाच सोनेरी पट्टे नाहीत, पडदे नाहीत. छपरावर शेगडीच्या धुराड्याचा एक टाचणीएवढा तुकडा आहे, कारण त्या थंडीत डब्यात शेगडी लागायचीच. हा तुकडा माझ्या हातून दोनदा पडला. दुसऱ्यांदा सापडला तो आईच्या वातींच्या डब्यात, कसा गेला ते देव जाणे.

छप्पर वाकडं आलं. पण हे मी किटचा दोष धरत नाही, रेझिन एवढा प्रवास करून येणार आणि वर जुलैत गोव्यात उतरणार, दुसरं काय होणार. उपाय सोपा आहे, भांड्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, हात घालवणार नाही इतपत, त्यात छप्पर अर्धा मिनिट बुडवा, मऊ झालं की काचेवर ठेवून वर दुसरी काच दाबा आणि गार होऊ द्या. मी आजोबांच्या फोटोच्या जुन्या फ्रेमची काच वापरली. छप्पर सरळ झालं ते आजतागायत सरळ आहे.

खरा ताप हवेचा. आपल्याकडे पावसाळ्यात इन्स्टंट गोंद लावला की जोडाच्या आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती बुरशी नव्हे, गोंदाचीच वाफ दमट हवेत तिथेच बसते. पहिली भिंत माझी अशी पांढरी झाली, आख्खी घासून परत केली. मग शहाणपण सुचलं, गोंद अगदी सुईच्या टोकाने, टेबलफॅन लांबून चालू, आणि जमेल तिथे सोल्डर. सोल्डर येत असेल तर सोल्डरच करा, पितळ आहे, छान धरतं. रंगाचंही तसंच, स्प्रे मारायचा तर पाऊस उघडलेला दिवस बघा नाहीतर रंगावर दुधी झाक येते. मी तीन आठवडे एका उन्हाच्या दुपारसाठी थांबलो आणि ती मिळाली तेव्हा नेमकी लाइट गेली, पण स्प्रेला लाइट लागत नाही म्हणून वाचलो.

सूचनांचा कागद रशियनमध्ये. फोनचा कॅमेरा वर धरून भाषांतर केलं तर ते म्हणे, "हातगाडी डब्याच्या पोटाखाली स्क्रूने बसवा". मी पाऊण तास हातगाडी शोधत होतो. रशियनमध्ये बोगीला (डबा नव्हे, त्याच्या खालचा चाकांचा सांगाडा) तेलेझ्का म्हणतात आणि त्याचाच साधा अर्थ हातगाडी, हे नंतर कळलं. पण चित्रं चांगली आहेत, क्रमाने आहेत, चित्रं बघूनच डबा होतो. मला रोज रात्री तासभर धरून अकरा दिवस लागले.

शेवटी चाकं बसवली, रुळावर ठेवला आणि बोटाने हलकेच ढकलला तर तो असा गेला, असा गेला की टेबलाच्या टोकाला मी धावत जाऊन पकडला. काय गुळगुळीत चाल. शेजारचा काका खिडकीतून बघत होता, म्हणतो, "किदें रे तें, बस?" मी हो म्हटलं.

आता इंजिन. दहापैकी तीन, ते पण दिसण्याचे.

दिसायला छान आहे हो. टीयू7 म्हणजे उद्मुर्तियातल्या काम्बार्का कारखान्याचं इंजिन, 1970च्या दशकापासून बनत आलेलं, 400 हॉर्सपॉवर, ताशी 50 किमी, पीटच काय जंगलाच्या लाकडांच्या रेल्वेवरही हेच. मॉडेलवर दारांच्या बिजागऱ्या, जाळ्या, पायऱ्या सगळं आहे. फोटोत घालून ठेवा, कोणालाही आवडेल.

चालवलं की रडगाणं सुरू. पहिली गोष्ट, चाकांच्या जोड्यांमधलं अंतर एका आसावर कमी आणि दुसऱ्यावर जास्त, त्यामुळे सरळ रुळावर ठीक, वळण आलं की पुढचा बोगी उतरतो. मी कॅलिपर लावून बघितलं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक, 9 मिमीच्या रुळावर अर्धा मिलिमीटर म्हणजे काय थोडं आहे का. दुसरी, कपलिंगची उंची. इंजिनाचा हूक आणि त्याच विक्रेत्याच्या त्याच किटमधल्या त्याच डब्याचा हूक एकमेकांना भेटतच नाहीत, इंजिनाचा वर जातो. एकाच पत्रिकेतले नवरा-बायको आणि गुण जुळत नाहीत. तिसरी, मोटर. दहा मिनिटं चालली की वरचं झाकण बोटाला चटका देतं, पंधरा मिनिटांनी वास येतो.

विक्रेत्याला मेल केली, फोटोसकट. चार दिवसांनी उत्तर, भोक कानशीने मोठं करा. कुठलं भोक? परत मेल केली. उत्तर, हे मॉडेल अनुभवी लोकांसाठी आहे. बरं बाबा. नाव देत नाही कारण पैसे परत मिळायची अजून थोडी आशा आहे, आणि माणूस डबा एवढा चांगला बनवतो तर इंजिन बहुतेक दुसऱ्या कोणाकडून करून घेत असणार अशी माझी समजूत आहे.

चाकं मी स्वतः ओढून सरळ केली. कपलिंगला तांब्याच्या तारेचा आकडा केला. मोटरचं काही करता आलं नाही.

इथे जरा विषयांतर, पण ज्यांना देखावा करायचाय त्यांच्या कामाचं. दलदल कशाची करायची? पीट आणायचं कुठून, आणि आणायचं तरी का. मी नर्सरीतून कोकोपीटची वीट आणली, 5 किलोची, म्हणजे आपल्या नारळाच्या सोडणाचा भुसा. गंमत बघा, युरोपात बागवाले आता कुंड्यांत पीटऐवजी हाच काथ्याचा भुसा घालायला लागलेत, कारण पीट उकरलं की त्यात हजारो वर्षं साठलेला कार्बन हवेत जातो, जगातल्या जमिनीच्या जेमतेम 3 टक्के पीटची जमीन पण तिच्यात सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन आहे. तिकडे पीटच्या जागी सोडण, आणि इकडे माझ्या टेबलावरही पीटच्या जागी सोडणच.

पण नुसतं कोकोपीट पसरलं तर दोरे दिसतात, 1:87 मध्ये एक दोरा म्हणजे वडाची पारंबी. रव्याच्या चाळणीने चाळा. (नवीन चाळण आणा. माझ्या घरात या वाक्याला इतिहास आहे.) खालची पूड घेऊन फेविकॉल-पाण्यात कालवून थापली की अगदी सुकत टाकलेल्या पीटच्या शेतासारखं दिसतं, काळपट तपकिरी, वरून जरा फिकं. कडेचे चर कोरून त्यात वार्निश ओतलं, पाणी झालं. तयार रुळांचे स्लीपर फार जवळ जवळ असतात, मोठ्या गाडीच्या हिशोबाचे, ते काढून टाकले आणि माडाच्या झावळीचे हीर उभे चिरून 17-17 मिमीचे तुकडे करून लावले, मुद्दाम वाकडेतिकडे, कारण दलदलीतला रूळ कधी सरळ नसतो, गाडी होडीसारखी डुलत जाते. त्या हिरांवर मला सगळ्यात जास्त शाबासकी मिळाली. 11,400 च्या किटला नाही, फुकटच्या झावळीला.

एकच सांगतो, कोकोपीटला कापूर किंवा काहीतरी लावा. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

चवथीला मखराच्या डाव्या बाजूला देखावा मांडला. वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, तिथे कांगलां, घागऱ्या, आंबाडे, सुपारीची घोसं, आणि खाली रशियातली दलदल. आईने आधी नाक मुरडलं, गणपतीसमोर चिखल कसला, पण मग तिला डब्याची गोष्ट सांगितली, रस्ता नसलेल्या गावची गाडी, तर म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखेच की रे ते, पलीकडे काही हवं असलं की वाट बघत बसायचं." तिच्या लहानपणी होडी होती, वल्ह्याची. नंतर आरतीला जो येईल त्याला तीच समजावत होती, मला बोलूच देईना, आणि प्रत्येक वेळी गोष्टीत काहीतरी वाढत होतं, शेवटी शेवटी तर त्या डब्यात एका बाईची डिलिव्हरीसुद्धा झाली.

इंजिनाने पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत साथ दिली. घुमट आरती रंगात आली, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मला वास आला. कापूर नव्हे. मी हळूच जाऊन वायर काढली. झाकण उघडून बघितलं तर मोटरवरची एक बाजू काळी. संपलं.

आता पाच दिवसांचा गणपती, चार दिवस जायचेत, देखाव्यात गाडी उभी. मी तोंड पाडून बसलो होतो तोवर भाच्याने इंजिन उचलून बाजूला ठेवलं आणि डबा बोटाने ढकलायला सुरुवात केली. मग बाकीची पोरं. त्यांनी नियम केले, रांगेत उभं राहायचं, एक फेरी एकाची, माटोळीच्या खालचं स्टेशन रायबंदर आणि समईपाशी दिवाडी. छप्पर मी चिकटवलं नव्हतं, आत रंगवता यावं म्हणून, तर ते उघडून कोणीतरी कुरमुरे भरले, पॅसेंजर म्हणून. मोजून 40 भरा असं मी म्हटलं तर 23 तच डबा फुल्ल झाला, कुरमुरा फुगीर असतो. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, तेलकट बोटं, नेवरीच्या सारणाचे हात, एकदा तर डबा टेबलावरून खाली फरशीवर पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. एक पायरी वाकली. चिमट्याने सरळ केली, परत चालू. सोल्डरचा एकही जोड सुटला नाही. म्हणून मी वर नऊ दिलेत, दहावा त्या रशियन कागदाचा कापला.

कोणाला घ्यायचंच असेल तर विक्रेता डबा सुटाही विकतो, तो घ्या. चालवायचं असेल तर कुठल्याही चांगल्या कंपनीची एन गेजची तयार चेसिस मिळते, 9 मिमीचीच, तिच्यावर इंजिनाचं वरचं कवच बसवता येतं, पैसेही कमी जातात. आयर्लंडच्या पीट रेल्वेचं मॉडेल बघत असाल तर लक्षात ठेवा, तिकडचं गेज 3 फूट, ते 4 मिमीला एक फूट या स्केलमध्ये 12 मिमी होतं, या रुळावर चालणार नाही. तिकडे शॅननब्रिजजवळ पीटच्या रुळांवरून टुरिस्टांना 9 किमी फिरवून आणायचे, 2008 मध्ये ते बंद झालं. खरी बघायची असेल तर एस्टोनियात लावासारेला म्युझियम आहे, तेही 750 मिमी गेजचंच, मी काही जाणार नाही, पण आमच्या दिवाडीची अर्धी माणसं युरोपात आहेत, कोणीतरी जाऊन फोटो पाठवा.

डबा सध्या कपाटावर प्लास्टिकच्या डब्यात आहे, बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, नाहीतर पितळ काळं पडतं. आत अजून दोन कुरमुरे अडकलेत, बाकड्याच्या खाली, चिमटा पोचत नाही.